रजिस्टरातली माणसं : आमच्या मंडळीच्या इतिहास पुस्तिकेच्या कामाच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, रविवार

उपासना संपल्यावर कमिटीची मीटिंग झाली आणि काम माझ्या गळ्यात पडलं. नाताळपर्यंत मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, इतिहासाची एक पुस्तिका काढायची, चाळीस पानं, शंभर कॉपी, आणि कॉम्प्युटर येतो म्हणून मीच. नाही म्हणायला तोंड उघडलं तोवर पाळकसाहेबांनी (आमचे धर्मगुरू) शेवटची प्रार्थना सुरू केली, मग काय बोलणार.

सेक्रेटरींनी एक जुनी फाईल दिली, १९८० च्या आसपास कोणीतरी टाईप केलेली अडीच पानं. सुरुवात 'थोर अमेरिकन मिशनऱ्यांनी' अशी आणि शेवटपर्यंत तेच, गोऱ्या साहेबांची यादी, कोण कधी आला कधी गेला. आमचं गाव नेवासे तालुक्यात, जुन्या वडाळा मिशनच्या हद्दीतलं, नगरपासून तासाभरावर (आता कागदोपत्री अहिल्यानगर, पण एसटीत बसताना आम्ही अजून 'एक नगर द्या' म्हणतो). या अडीच पानांत आमच्या गावातल्या एकाही माणसाचं नाव नाही. एकाही. शेवटी 'व गावातील लोकांनी सुवार्तेचा स्वीकार केला' एवढं वाक्य, बस.

५ नोव्हेंबर

चर्चमागच्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडलं. किल्ली सापडायलाच दोन दिवस गेले, ती होती माजी खजिनदारांच्या घरी, देव्हाऱ्यासारखी खिळ्याला अडकवलेली. आत बाप्तिस्म्याची दोन रजिस्टरं, लग्नाचं एक, मयतीचं एक, आणि हिशोबाच्या सात-आठ वह्या. वाळवी नाही नशिबाने, पण कसर लागलीय आणि एका वहीची पानं एकमेकांना चिकटून पापड झालीत. ती सोडवायला गेलो नाही, तशीच ठेवली.

फोनवरच स्कॅन करायचं ठरवलं, खिडकीपाशी टेबल ओढून, सकाळी नऊ ते अकरा उजेड बरा असतो. आज ५२ पानं झाली. तरुण संघातली दोन पोरं मदतीला आलेली, अर्ध्या तासात रील बघत बसली.

१० नोव्हेंबर, रविवार

आधी मोठी चौकट नीट लावून घेतो म्हणजे गावाची गोष्ट कुठे बसते ते कळेल. तर थोडक्यात असं. अमेरिकन बोर्ड ही मिशनरी संस्था १८१० ची. तिचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले, कंपनी सरकारला ते नको होते, परत पाठवायच्या गोष्टी चालल्या होत्या, पण कसेबसे टिकले. हॉल तर १८२६ मध्ये नाशिक-त्र्यंबककडून परतताना पटकीने (कॉलऱ्याने) वाटेतच गेला, ज्या वर्षी त्यांच्या छापखान्यातून मराठी नवा करार बाहेर पडला त्याच वर्षी. नगरचं ठाणं डिसेंबर १८३१ चं, ग्रेव्ह्ज, रीड, हर्वी हे तिघे. त्यातला हर्वी वर्षाच्या आत पटकीने गेला. नगरची पहिली मंडळी १८३३ ची.

पण या तिघांबरोबर नगरला चौथा माणूस आला होता, बाबाजी रघुनाथ. ब्राह्मण, मुंबईत ख्रिस्ती झालेला. रस्त्यात उभं राहून लोकांशी बोलायचं काम मुख्यतः त्याचं, कारण साहेबांचं मराठी कसं असेल याची आपण कल्पना करू शकतो. मंडळीचा वडील (कारभार बघणारा ज्येष्ठ) म्हणून जबाबदारी मिळाली आणि त्याच १८३३ साली पटकीने तोही गेला. आमच्या अडीच पानांत हर्वी आहे, बाबाजी नाही.

आणखी एक गोष्ट मला माहीत नव्हती. नगरला तेव्हा एक गरीबखाना होता, त्यातली आंधळी, पांगळी, म्हातारी माणसं या मंडळीच्या अगदी सुरुवातीच्या सभासदांत होती. म्हणजे ज्या मंडळीचा आपण एवढा 'गौरवशाली वारसा' वगैरे म्हणतो ती ज्यांना घरच्यांनी सोडलं अशांच्या जिवावर उभी राहिली. हे पहिल्या पानावर घेणार.

१४ नोव्हेंबर, रात्री

पाळकसाहेबांशी दीड तास बोललो. मी विचारलं, साहेब, 'नेतृत्व' या प्रकरणात काय लिहायचं, पाळकांची यादी देऊ का फोटोसहित? ते म्हणाले यादी दे, पण आधी हरिपंत खिस्तींचं लिही, नाहीतर पोरांना वाटेल पाळक म्हणजे वरून नेमून पाठवलेला माणूस.

हरिपंत आणि त्यांचा भाऊ नारायण, खिस्ती घराणं (हे आडनाव, धर्म नव्हे), १८३९ च्या सुमाराला बाप्तिस्मा. त्या काळी नगरात केवढा गहजब झाला असेल. आणि १८५४ मध्ये हरिपंत आणि रामकृष्णपंत मोडक या दोघांना पाळकपणाची दीक्षा मिळाली. तोपर्यंत मंडळीचा पाळक म्हणजे गोरा साहेब हे गणित पक्कं होतं, ते तिथे मोडलं. अमेरिकन मिशनवाले मूळचे काँग्रिगेशनल पंथाचे, त्यांच्यात बिशप नाही, मंडळीने बसून ठरवायचं पाळक कोण. आता हे तत्त्व फार छान, पण पगार देणारा बोस्टनमध्ये बसलेला असल्यावर मत कुणाचं चालणार हे सांगायला नको. म्हणून १८५४ हे साल मला १८३१ पेक्षा मोठं वाटतं. पुस्तिकेत तसंच लिहीन, कमिटीने काढलं तर काढलं.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज महिला मंडळासमोर कच्चा मजकूर वाचून दाखवला. सगळ्या गप्प. मग आजी (माझ्या आईची आत्या, वय ८७, कान कमी पण डोकं शाबूत) म्हणाली, "बाळा, यात बाया कुठेत?"

अमेरिकन मिशनच्या सिंथिया फॅरार होत्या माझ्याकडे, मी लगेच ते पान काढलं. १८२७ ला मुंबईला आल्या, लग्न न केलेली एकटी बाई, पुढे नगरला येऊन मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. जोतिराव फुले मित्र गोवंड्यांबरोबर नगरला त्यांच्या शाळा बघून गेले आणि मग १८४८ ला पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली, हे फुल्यांच्या चरित्रांत येतं. मला वाटलं आता आजी खूश होईल.

आजी म्हणाली, "ती मड्डम झाली. आमच्या बाया?"

मग तिने सांगितलं की तिची आजी बायबलबाई होती. बायबलबाई म्हणजे मिशनच्या तुटपुंज्या पगारावर वस्तीवस्तीवर जाऊन बायकांना वाचून दाखवायची, गीतं शिकवायची, बाळंतिणीला धीर द्यायचा, भांडणं मिटवायची, थोडक्यात पाळकाचं निम्मं काम. दुपारी चटणी-भाकरी बांधून निघायची, दोन-तीन गावं पायी. पाळकाला घोडं, साहेबाला टांगा, आणि हिला ओढ्याचं पाणी. हे आजीचे शब्द.

मी विचारलं नाव काय त्यांचं? आजी बराच वेळ आठवत बसली. "आम्ही बाई म्हणायचो."

१८ नोव्हेंबर

हिशोबाच्या वह्या परत काढल्या, फक्त बायबलबायांसाठी. पगाराच्या पानावर पुरुषांची नावं आहेत, शिक्षक, पाळक, चौकीदार. बायांच्या ओळीत 'अमक्याची बायको, बायबलबाई' असं लिहिलंय. चार पानं अशीच. चौकीदाराला नाव आहे. मला राग आला खरं सांगतो, वही मिटून चहाला गेलो.

नंतर सुचलं की लग्नाच्या रजिस्टरात बायकोचं नाव असतंच. नवऱ्याच्या नावावरून तिकडे शोधायचं. एक्सेल शीट केली, डावीकडे पगाराची ओळ, उजवीकडे लग्नाची. रात्री पावणेदोनपर्यंत तीन जुळल्या. आजीची आजी नाही सापडली अजून.

२१ नोव्हेंबर

टायपिंगवाल्याकडे चक्कर. तो जुन्या फॉन्टमध्ये काम करतो आणि माझा मजकूर युनिकोडमध्ये, त्याच्याकडे उघडला की सगळे रफार उडतात, 'ख्रिस्त' चा असा काही अवतार होतो की बघवत नाही. शेवटी मीच घरी पानं लावायची आणि पीडीएफ द्यायची ठरलं.

गंमत म्हणजे मराठी टाइपाची ही कटकट याच मिशनची जुनी. मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये टॉमस ग्रॅहम नावाच्या माणसाने देवनागरीचे सुबक, लहान टाइप पाडले, तेव्हा कुठे मराठी पुस्तकं हातात मावतील अशी झाली. पुढे निर्णयसागर छापखाना काढणारे जावजी दादाजी पोरवयात याच छापखान्यात कामाला होते. ज्ञानोदय हे नियतकालिकही याच मिशनचं, १८४२ ला नगरमध्ये सुरू झालं, हेन्री बॅलंटाइन त्याच्या मुळाशी. हा बॅलंटाइन गीतांचाही माणूस, पण इंग्रजी चालींवर मराठी शब्द बसवलेली ती गीतं, म्हणताना जीभ अडखळते. आमच्या लहानपणी म्हातारे लोक ती जोरात म्हणायचे आणि आम्ही पोरं मागच्या बाकावर हसायचो.

हे सगळं एका चौकटीत टाकतो, जास्त नको.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज कापणीचा सण, काम बंद. चर्चमध्ये वेदीसमोर बाजरीची कणसं, भोपळे, मेथीच्या जुड्या, उसाच्या मोळ्या, अंडी, एक पाय बांधलेला कोंबडा, सगळं अर्पण. उपासनेनंतर लिलाव. लिंबाची एक पिशवी तीनदा विकली गेली, घेणारा परत अर्पण करतो आणि बोली पुन्हा सुरू. बाहेरच्याला वेडेपणा वाटेल पण मला हा भाग फार आवडतो, कारण ज्याच्याकडे रोकड नाही तो दोन भोपळे घेऊन येतो आणि त्याचं अर्पण सगळ्यात वर चढतं.

कोंबडा अखेर पाळकसाहेबांच्याच घरी गेला.

जुन्या हिशोबात असंच दिसतं, पैशापेक्षा धान्याच्या नोंदी जास्त, पायली, शेर. आणि दुष्काळाच्या वर्षी ती ओळ रिकामी. १८७६ ते ७८ चा दुष्काळ आणि मग १८९६ ते १९०० मधले दोन, हे नगर जिल्ह्याने फार वाईट भोगले. मंडळ्या वाढल्या त्याही याच काळात. 'भाकरीसाठी धर्म बदलला' असं आपल्याला ऐकवतात ना, ते इथून येतं. याचं उत्तर पुस्तिकेत द्यावं का यावर डोकं चालवतोय. भाकरी हे कारण नव्हतंच असं मी लिहिणार नाही, ते खोटं होईल. पण दुष्काळ गेला, पाऊस पडला, धान्य आलं, तरी माणसं परत गेली नाहीत, पोरांना शाळेत घातलं, त्यांच्या बायका वाचायला शिकल्या. रजिस्टरात अंगठ्याच्या जागी सह्या यायला लागतात ते एका पिढीत दिसतं. दोन पानं शेजारी शेजारी छापणार आहे, एक अंगठ्यांचं, एक सह्यांचं. उत्तर द्यायची गरज नाही मग.

२९ नोव्हेंबर

आज चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा (सीएनआय) वाढदिवस, २९ नोव्हेंबर १९७०, नागपूर. अँग्लिकन, बाप्टिस्ट, ब्रदरन, मेथडिस्टांतला एक गट, डिसायपल्स आणि आमची युनायटेड चर्च अशा सहा मंडळ्या एक झाल्या. आम्ही १९२० च्या दशकातच युनायटेडमध्ये गेलो होतो, म्हणून काँग्रिगेशनल ही ओळख तशी आधीच पातळ झालेली. पण बिशप आले ते ७० नंतर.

नानांना (माजी खजिनदार, किल्लीवाले) विचारलं तेव्हा काय वाटलं लोकांना. ते म्हणाले, अर्ध्यांना आनंद झाला की आता नगरच्या, मुंबईच्या कुठल्याही चर्चमध्ये गेलं तरी आपलंच, एकाच पेल्यातून प्रभुभोजन. आणि अर्धे कुरकुरले की आधी आपण पाळक ठरवायचो, आता बदलीची ऑर्डर येणार. दोन्ही खरं निघालं म्हणे. बदलीवरून किती भांडणं झाली ते त्यांनी सांगितलं पण लिहू नको म्हणाले, त्यातली माणसं अजून शेजारी राहतात. नाही लिहिणार. पण एकी, साक्ष, सेवा हे जे सीएनआयचं ब्रीद आपण लेटरहेडवर छापतो त्यातली एकी हीच सगळ्यात महाग पडते हे मला या एका महिन्यात कमिटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरच कळलं. मुखपृष्ठाच्या रंगावरून १४० मेसेज.

१ डिसेंबर, रविवार

सगळ्यात अवघड विषय आज निघाला. मी कच्च्या मजकुरात लिहिलं होतं की पुस्तकांत जी देशी नावं येतात, बाबाजी, हरिपंत, मोडक, कवी ना. वा. टिळक, ती बहुतेक ब्राह्मणांची, आणि बाकांवर बसणारी माणसं मात्र महारवाड्यातली आणि मांगवाड्यातली, आपलीच. म्हणजे आधी साहेबांनी आपल्याला झाकलं आणि मग पंतांनी. पंतांचा त्याग मोठा होता, घरदार तुटलं, जिवंतपणी श्राद्ध घातली गेली अशी माणसं ती, त्यावर माझं म्हणणं नाही. पण एका पंताच्या बाप्तिस्म्यावर पुस्तक निघतं आणि गावच्या गाव वाळीत पडलं तर रिपोर्टात आकडा येतो.

कमिटीत दोन तट. एक वडील म्हणाले आपण ख्रिस्ती, जात कशाला काढायची, पेला एक आहे ना? दुसरे म्हणाले पेला एक आहे पण लग्नं बघा कुठे होतात. शांतता. मग तिसरा मुद्दा आला तो खरा होता, की हे छापलं तर पोरांच्या जातीच्या दाखल्यांचं काय. १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश आहे, अनुसूचित जात म्हणून मान्यता फक्त हिंदूंना, नंतर १९५६ ला शीख आणि १९९० ला बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती नाहीत. त्यामुळे कित्येक घरांत चर्चमधलं नाव एक आणि शाळेतलं एक. असं घर माझ्या ओळखीत नाही असं मी म्हणू शकत नाही.

ठरलं असं : इतिहास लिहायचा, वाडा लिहायचा, पण आज हयात असलेल्या कुठल्याही घराण्याचं नाव त्याला जोडायचं नाही.

६ डिसेंबर

सकाळी वस्तीत बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घातला. आमच्या वस्तीत एका भावाचं घर ख्रिस्ती तर दुसऱ्याचं १९५६ नंतर बौद्ध, आज सगळेच पांढऱ्या कपड्यांत. आणि योगायोग असा की आज रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा जन्मदिवस पण, ६ डिसेंबर १८६१, करजगाव.

टिळकांवर दोनच पानं ठेवलीत, त्यांच्यावर लिहिलेलं भरपूर आहे. १८९३ ला रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाने नवा करार दिला, १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा, १९०४ ला पाळकपणाची दीक्षा, बहुतेक मुक्काम नगरला. बालकवी त्यांच्याच घरी राहिलेले. त्यांनी गीतं अभंग-ओवीच्या अंगाने लिहिली म्हणून आज उपासना संगीत हे आमचं गीतांचं पुस्तक उघडलं की टाळ हातात घ्यावासा वाटतो. त्यांच्या आधी कृष्णराव सांगळ्यांनी कीर्तन चर्चमध्ये आणलं होतं, तेही एक ओळ का होईना घेतलंय.

मला मात्र टिळकांपेक्षा लक्ष्मीबाई जवळच्या वाटतात. नवरा ख्रिस्ती झाल्यावर पाच वर्षं सोवळ्यात राहिली बाई, वेगळी चूल, आणि मग राहुरीला असताना जातपात म्हणजे काय याचा स्वतःच विचार करून मोकळी झाली, कुणी उपदेश केला म्हणून नाही. १९०० ला बाप्तिस्मा घेतला. राहुरी आमच्यापासून लांब नाही. आणि टिळकांनी शेवटी, १९१७ ला, मिशनचा पगार सोडून देवाचा दरबार काढला साताऱ्यात, बाप्तिस्मा घेतलेले न घेतलेले सगळे चालतील म्हणून. दोन वर्षांत गेले. पगार सोडणे हा मुद्दा 'नेतृत्व' प्रकरणात घातला, पाळकसाहेब वाचून हसले आणि म्हणाले, ठेव, पण माझ्या बायकोला दाखवू नको.

११ डिसेंबर

प्रुफं. 'मंडळी' तीन ठिकाणी 'मडंळी'. १८३३ एके ठिकाणी १९३३ झालं होतं, शंभर वर्षं खाल्ली. ह्यूम साहेबांचं राहिलं होतं ते घातलं, रॉबर्ट ह्यूम, जन्म मुंबईचाच, नगरला १८७४ ला आले आणि १८७८ मध्ये धर्मशिक्षणाची शाळा काढली, आमच्याकडचे पाळक तिथूनच तयार व्हायला लागले. आणि भास्करराव हिवाळ्यांनी १९४७ ला काढलेलं नगर कॉलेज, ते तर माझंच कॉलेज, त्यावर एक परिच्छेद जास्तच झाला, काढला.

चाळीसची ४६ पानं झाली. बायबलबायांची यादी शेवटी एका पानावर, पूर्ण नावाच्या सात, 'अमक्याची बायको' अशा अकरा. त्या अकरांपुढे जागा रिकामी सोडलीय, ओळ आखून.

सेक्रेटरी म्हणाले रिकामं पान बरं दिसत नाही, तिथे जाहिरात घेऊ, किराणावाले द्यायला तयार आहेत. म्हटलं मागच्या कव्हरवर घ्या.

१५ डिसेंबर, रविवार

आजीला प्रुफाचं पान दाखवलं. तिने बोट फिरवत वाचलं, सातही नावं मोठ्याने. मग रिकाम्या ओळींवर थांबली आणि एकदम म्हणाली, "सगुणा. माझ्या आईला सगुणेची म्हणायचे माहेरी."

लग्नाच्या रजिस्टरात बघितलं. सगुणा दोन आहेत, एकच वर्ष. कुठली ते सांगता येत नाही. आजीने सांगितलेल्या गावावरून एक जास्त जवळची वाटते पण खात्री नाही, म्हणून नाव छापत नाही, आजीच्या कॉपीत पेनने लिहून देईन. ती म्हणाली, दोघींचं लिही.

२२ डिसेंबर, रविवार

शंभर सांगितल्या होत्या, ९६ आल्या, चार कॉपींचं बाईंडिंग उलटं. उपासनेनंतर वाटल्या. नगरच्या एका पाहुण्याने लगेच चूक काढली की त्यांच्या आजोबांचा फोटो नाही. पुढच्या आवृत्तीत, म्हटलं.

रजिस्टरं नव्या कापडात गुंडाळून, डांबर गोळ्या टाकून कपाटात ठेवली. स्कॅन दोन पेनड्राइव्हवर, एक पाळकसाहेबांकडे एक माझ्याकडे. चिकटलेली वही तशीच आहे, पुण्याला कागद दुरुस्त करणारं कोणी मिळतं का बघायचंय जानेवारीत. शेजारच्या गावातून एकाचा फोन आला होता, त्यांच्याकडे माळ्यावर मिशनच्या शाळेचं हजेरीपत्रक आहे म्हणे, पण कांदे लावून झाल्याशिवाय वर चढायला वेळ नाही. किल्ली परत नानांच्या खिळ्याला.